मधमाश्यांना कोण सांगणार?

अल्फोन्स जर्मनांच्या दुसऱ्या एका कैदी छावणीत मेल्याची बातमी आमच्या छावणीत आली, तेव्हा त्याची बायको क्लेमा रडली नाही. एवढंच म्हणाली, "ओटिलिया, आता मधमाश्यांना कोण सांगणार?"

आमच्या काशुबियात, पोलंडच्या उत्तरेला, घरधनी गेला की मधपेट्यांवर टकटक करून सांगतात, धनी गेले, आता अमका तुमचा मालक, तुम्ही जाऊ नका. नाही सांगितलं, तर माश्या त्याच्या मागोमाग मरून जातात.

"तुझं घर जर्मनांनी घेतलं, शेत घेतलं. माश्याही त्यांच्याच झाल्या. मरू देत की!" मी म्हटलं.

"माश्यांनी काय गं तुझं घोडं मारलंय?"

बटाटे काढायचे दिवस आले. पहारेकऱ्यानं आम्हाला नेलं ते नेमकं तिच्याच शेतावर. तिचंच कुंपण, तिचीच विहीर, आणि दोरीवर वाळत होते दुसरीच्या लेकरांचे कपडे.

पहारेकरी पाणी प्यायला वळला, तशी क्लेमा सफरचंदाच्या झाडाखाली गेली. तिथं तिच्या मधपेट्या रांगेनं उभ्या होत्या. आमच्या बोलीला बंदी होती. तरी तिनं पहिल्या पेटीवर बोटानं ठोकलं आणि त्याच बोलीत म्हणाली,

"धनी गेले गं, बायांनो. आता तुमची मालकीण..."

तिनं घराकडे पाहिलं. दारात नवी मालकीण उभी होती, कडेवर पोर. तिचं नाव घ्यावं तर शेत कायमचं गेलं. स्वतःचं घ्यावं तर मालकीण छावणीच्या तारेच्या आत.

"अगं, उरक लवकर!" मी पुटपुटले.

"मीच. क्लेमा," ती म्हणाली. "मी आत अडकलेय, बायांनो. ती दारातली बाई आहे ना, मी येईपर्यंत तिच्याकडे राहा. हिवाळा काढा."

हेच ती पुढच्या पेटीला सांगत गेली. पहारेकरी परतला, पाठीत काठी बसली, तरी सांगत होती. शेवटची पेटी तेवढी राहिली, आणि पहारेकऱ्यानं तिला दंडाला धरून फरफटत नेलं.

"एक राहिली गं," वाटभर ती म्हणत होती.

"उद्या सांगू," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला भलत्याच शेतावर नेलं. तिसऱ्या दिवशीही. मग बटाटे संपले आणि बाहेर जाणंच संपलं.

आता क्लेमा रोज हजेरीनंतर तारेपाशी जाते, शेताच्या दिशेला तोंड करते. तिचे ओठ हलतात. मोठ्यानं बोलायची सोय नाही, आणि हळू बोललेलं तारेपलीकडेही पोचत नाही.