पहिले नाव

ओर्नेल्लाने रोजच्याप्रमाणे सकाळी समुद्रसाळूंची बादली टेबलावर ठेवली. ते काळे काटेरी जीव तिचा म्हातारा बाप पहाटे खडकांवरून काढून आणीत असे. त्यांची अंडी काचपट्टीवर घेऊन ती एकोणीस वर्षे एकच गोष्ट पाहत आली होती: एका पेशीच्या दोन कशा होतात. अंड्याच्या कमरेभोवती जणू एक दोरा आवळत जातो, आणि जिथे एकच पेशी होती तिथे दोन उरतात. तो दोरा आवळणारे द्रव्य प्रथम तिला दिसले, एका फेब्रुवारीत, बोटे थंडीने बधिर झालेली असताना.

त्या शोधनिबंधावर पहिले नाव, म्हणजे मुख्य संशोधकाचे, रुज्जेरोचे लागले. रुज्जेरो हा विभागप्रमुख प्राध्यापक लोमोन्ते यांचा जावई. शेवटचे नाव प्राध्यापकांचे, ओर्नेल्लाचे चौथे. प्रयोगशाळेची रीतच तशी होती. एव्हाना चार हजार निबंधांनी त्या शोधाचा हवाला दिला होता आणि दूरदूरच्या पाठ्यपुस्तकांत तो रुज्जेरोच्या नावाने शिकवला जाई. समोरचे अंडे फलित झाले की नाही, हे मात्र रुज्जेरोला अजूनही ओर्नेल्लालाच विचारावे लागे.

त्या वसंतात विद्यापीठात कायमची एक जागा निघाली. अर्ज दोनच आले: रुज्जेरोचा आणि ओर्नेल्लाचा. प्राध्यापकांनी ओर्नेल्लाला बोलावून कॉफी पाजली आणि एक टंकलिखित पत्र पुढे सरकवले: वैयक्तिक कारणास्तव मी माझा अर्ज मागे घेत आहे. नको असलेला उमेदवार असा आपणहून बाजूला होतो आणि मग रीतसर स्पर्धा परीक्षा होते. बदल्यात तिचा करार आणखी दोन वर्षे वाढणार होता.

“तुझ्यासारखी शहाणी मुलगी हट्ट करत नाही,” ते म्हणाले.

मुलगी त्रेचाळीस वर्षांची होती. आणि एकोणीस वर्षांत त्या खोलीत तयार झालेला, तिचे एकटीचे नाव असलेला तो पहिलाच कागद होता.

दुपारी घरी आई, अस्सुंता, फळीवर पिठाच्या गोळ्या अंगठ्याने दाबून कानाच्या आकाराचा पास्ता करीत होती. दर नाताळला बदाम भरलेल्या अंजिरांचे ताट ती न चुकता प्राध्यापकांच्या घरी पाठवी. पत्र ऐकून तिने हात थांबवला नाही.

“सही करून टाक. बापाने अजून किती वर्षं पाण्यात उतरायचं?”

“काम माझं आहे, आई.”

“काम तुझंच गं, कोण नाही म्हणतंय? तुझी आजी जन्मभर मालकाच्या ऑलिव्हबागेत राबली. तेलाच्या डब्यावर तिचं नाव कुणी वाचलंय?”

ओर्नेल्लाने फळीच्या कडेलाच कागद ठेवून सही केली. कागदाला पीठ लागले.

ती प्रयोगशाळेत परतली तेव्हा तिची विद्यार्थिनी नीवेस आपला पहिला निबंध घेऊन दारात उभी होती. वर चार नावे होती: रुज्जेरो, ओर्नेल्ला, नीवेस आणि शेवटी प्राध्यापक. त्या प्रयोगाकडे ओर्नेल्लाने एकदाही डोळा लावून पाहिले नव्हते.

“माझं नाव कशाला?”

“लावतात ना, डॉक्टर. आधीच्या तिघी विद्यार्थिनींच्या निबंधांवरही तुमचं आहेच. मी त्यांचंच बघून लावलं.”

पोरीच्या स्वरात टोमणा नव्हता, हेच जास्त लागले. त्या तिघींची नावे ओर्नेल्लाला आठवली. दर करारासाठी निबंध मोजून दाखवावे लागत, आणि त्यांच्या निबंधांवर तिने आपले नाव मुकाट्याने लागू दिले होते. तिने पेन घेऊन आपले नाव खोडले. रुज्जेरोचे आणि प्राध्यापकांचेही काढ, असे सांगितले.

“मग माझा करार, डॉक्टर?”

प्राध्यापकांना द्यायचे ते पीठ लागलेले पत्र ओर्नेल्लाने पर्समधून बाहेर काढलेच नाही.

परीक्षेला ती हजर राहिली. तिघा परीक्षकांनी अदबीने विचारले की, चौथ्या नावावरून आपले स्वतंत्र संशोधन कसे ओळखावे? निकाल सतरा मिनिटांत रुज्जेरोच्या बाजूने लागला. जूनमध्ये तिचा करार संपला.

शरद ऋतूत नीवेसचा निबंध छापून आला. रुज्जेरो होता, प्राध्यापक होते, मध्ये नीवेस होती. गळले होते ते फक्त ओर्नेल्लाचे नाव. तिला रागावताही आले नाही. ज्या शाळेत पोर शिकली, त्या शाळेत तीही शिक्षिका होती.

त्याच आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती शिक्षण मंत्रालयाला पत्र लिहू लागली. कोणी कोणते काम केले हे प्रत्येक निबंधावर नोंदवणे सक्तीचे करावे, ही मागणी. आणि खाली, दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव लावणाऱ्यांची यादी, निबंधांच्या तारखांसह. पिठाने माखलेले हात पुसत आई चष्म्याविना मागे येऊन उभी राहिली.

“यादीत हे पहिलंच कुणाचं गं?”

“माझं,” ओर्नेल्ला म्हणाली, आणि तिने दुसरे नाव लिहायला घेतले.