कप्तानाची लेक

परंदवडीच्या महिपतीआप्पांचा दोन गोष्टींवर जीव होता. एक म्हणजे धाकटी लेक कोमल, आणि दुसरी ती अंतराळयानाची मालिका. कोमलला एमआयडीसीत नोकरी लागली, पहिल्या पगारात तिनं मोठा टीव्ही हप्त्यावर घेतला आणि बापलेकीनं मिळून 'आकाशगंगेपल्याड'ची चार पर्वं पाहून काढली. रोज जेवण झालं की एक भाग. सरुबाई तोवर भांडी आपटत राहायच्या, पण त्यांच्या आपटण्याला कुणी दाद देत नसे.

मालिका परदेशी, बोलणं मात्र मराठीत केलेलं. तिच्यात एक विधुर कप्तान, त्याची एकुलती एक लेक आणि एक मोडकं यान. दोघं मिळून ते यान ठोकठाक करत ग्रहामागून ग्रह पालथे घालतात. आप्पांची उभी हयात कंपनीत फिटर म्हणून गेलेली. यानाचा पंप बंद पडला की ते इकडून ओरडायचे, "अरं, आदी वॉशर बघ." कप्तान तिकडे वॉशरच बघायचा, आणि आप्पा आठवडाभर त्या गोष्टीवर खूश असायचे.

शेवटच्या भागात मात्र घात झाला. लेक एका हिरव्यागार ग्रहावर कायमची राहिली, कप्तान एकटाच यानात चढला आणि निघून गेला. खालून नावं सरकायला लागली.

"ह्याला शेवट म्हनत्यात व्हय?" आप्पा उसळले. "यात्रेत एवडी इनामाची कुस्ती लावायची आन् ऐनवक्ताला पंचांनी बरोबरीत सोडवायची, तसलं काम झालं ह्ये."

"मला तर आवडला," कोमल म्हणाली. "कधी ना कधी कुठंतरी उतरावंच लागलं असतं तिला."

दोन दिवस आप्पांना जेवण गेलं नाही.

नेमकी त्याच सुमाराला कोमलला स्थळं यायला लागली. सरुबाईंचा भाऊ बजरंग या कामात तरबेज. पाहुणे यायचे, पोहे खायचे, मुलीला नाव-गाव-शिक्षण विचारायचे. मग आप्पा घसा खाकरून मुलाला विचारायचे, "ती यानाची मालिका बघितली का? शेवट कसा वाटला?" पहिला मुलगा म्हणाला, छान होता. आप्पांनी त्याला काढून टाकलं. लेकीला टाकून बाप जातो ते ज्याला छान वाटतं, त्याच्या काळजाचा काय भरवसा? दुसरा हुशार होता. त्यानं आप्पांचा चेहरा वाचला आणि अगदी भिकार शेवट म्हणून सांगितलं. त्याच्यावरही फुली पडली, कारण कोमलला जे आवडतं ते याला भिकार वाटत असेल, तर संसार व्हायचा कसा? तिसऱ्यानं मालिका पाहिलीच नव्हती. त्याला तर पोहेही गार मिळाले.

सरुबाईंचा संयम संपला. "चांगला म्हननारा नको, वाईट म्हननारा नको, न बघनारा बी नको. मंग जावई करायचा तरी कुनाला? त्या कप्तानाला?"

"दाजी," बजरंग म्हणाला, "आता सुदुंबऱ्याचं स्थळ आनलंय. हितं जर यानाचा इषय काडला, तर मी काय परत तुमच्या लफड्यात पडनार न्हाई."

संध्याकाळी कोमल आप्पांशेजारी येऊन बसली. टीव्ही बंदच होता. "आप्पा, हा अमृत आमच्याच कंपनीत आहे. मी ओळखते त्याला. या वेळी नीट वागा." आजवर तिनं बापाकडं असं काही मागितलं नव्हतं. आप्पांनी मान डोलावली.

रविवारी अमृत आला, सोबत त्याचे वडील कैलासराव. गडी शेतकरी, आवाज खणखणीत. पोहे आले, नाव-गाव झालं. आप्पा ओठ घट्ट मिटून बसले होते, सरुबाई त्यांच्यावर डोळा ठेवून होत्या. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते उगाच नव्हे.

"ती यानाची मालिका बघितली का?"

बजरंगनं कपाळाला हात लावला.

"बघितली," अमृत म्हणाला. "शेवटचा भाग तेवढा राहिलाय. मुद्दामच ठेवलाय मी."

"का बरं?"

"बघितला की संपणार ना, आप्पा. मग रोज जेवल्यावर काय करायचं?"

आप्पा त्याच्याकडं बघतच राहिले. याला पास करावं की नापास, काही कळेना. पण आपलं दुखणं या पोराला बरोबर ठाऊक आहे, एवढं मात्र त्यांना जाणवलं आणि बरं वाटलं.

स्वयंपाकघराच्या दारातून कोमल म्हणाली, "मग आत्ताच बघू या की सगळे."

आणि खरोखर टीव्ही लागला. बघण्याच्या कार्यक्रमात मुलगी राहिली बाजूला, मंडळी यान बघत बसली. कैलासरावांना त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. ह्यो कोन, ती कुनाची, असं ते सारखं विचारायचे आणि आप्पा सारखं सांगायचे. शेवटी लेक हिरवळीवर उभी राहिली, यान वर उठलं. आप्पांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि पोह्यांत मिरची लय झालीय म्हणाले.

कैलासराव बशी खाली ठेवत म्हणाले, "पाव्हनं, मला येक सांगा. यान कुनाचं?"

"कप्तानाचंच की."

"म्हंजी घरचं. चालू हाय न्हवं?"

"व्हय तर. मागल्याच भागात पंप नवा बसवलाय."

"मंग रडायचं कशापायी? वाहन घरचं, चालू हालतीत. पोरगी कुटं दिलीया त्ये ठावं हाय. आटवड्याला येक चक्कर मारायची. बसायचं, जेवायचं, टीव्ही बघायचा. आमी काय दार लावून घेनार हाय व्हय?"

त्या ग्रहावरून आपण सुदुंबऱ्यात कधी उतरलो, हे कैलासरावांच्या ध्यानातही आलं नाही. आप्पांच्या मात्र आलं. लेक गेली की जेवल्यावर शेजारी कुणी नसणार, या भीतीनं त्यांना इतके दिवस कुरतडलं होतं, आणि ते खापर त्यांनी त्या मालिकेच्या माथी फोडलं होतं. त्यांनी दाराकडं पाहिलं. कोमल अमृतकडं नव्हे, त्यांच्याकडंच बघत होती.

"शेवट चांगला हाय," आप्पा म्हणाले.

बजरंगनं घाईघाईनं साखर मागवली, माणसाचं मन बदलायच्या आत तोंड गोड झालेलं बरं. सगळ्यांनी चिमूटचिमूट साखर खाल्ली. आप्पा कैलासरावांच्या शेजारी सरकून बसले.

"तुमी सुदुंबऱ्यातनं इंदुरीच्या रस्त्यानं आलात न्हवं? रस्ता कसा हाय तिकडचा? मोटरसायकल नीट जाईल का, रोजच्याला?"

"आवं," आतून सरुबाई म्हणाल्या, "आटवड्याला येकदा म्हनलेत त्ये."