रश्शातलं मीठ

आमच्या मार्गिलान शहरात लग्नाचा पुलाव म्हणजे नोर्मत उस्ताद, म्हणजे मी. बाकीचे कालचे पोरगे, फोनमध्ये बघून गाजरं चिरणारे. एक कढई बिघडली की नाव गेलं, एवढंही त्यांना कळत नाही.

दोन महिन्यांपूर्वी माझी जीभ लालभडक, गुळगुळीत झाली. कोमट चहासुद्धा झोंबायचा. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने टॉर्च मारून पाहिलं. "जिभेला सूज आहे उस्ताद, अंगात रक्त कमी आहे. महिनाभर इंजेक्शनं घ्या, चव परत येईल." जिला घरी धड भात जमत नसेल, ती मला चव शिकवणार! चिठ्ठी तिथेच चुरगाळली.

चव गेली होती हे खरं. पण ते जेवायला येणाऱ्या त्या मूर्खांना सांगतो कोण?

हाताखाली जावई आहे, इल्होम. शुद्ध बैल. पुलावासाठी मांस-गाजरांचा रस्सा उकळला की चमचाभर चाखतो आणि मास्तरासारखी मान हलवतो. रविवारी निवृत्त शिक्षक मुहिद्दीनसाहेबांच्या नातीचं लग्न होतं. तो चमचा घेऊन आला तसा मी त्याला रोट्या आणायला आणि मग त्या पंगतीत वाढायला पिटाळला. तांदूळ पडायच्या आधी रस्सा खारट लागायला हवा, नंतर काही करता येत नाही. मी चाखला. काहीच लागलं नाही. एक मूठ मीठ टाकलं. पुन्हा चाखला, मग आणखी एक, आणि तांदूळ सोडले.

आमच्याकडे लग्नाचा पुलाव पहाटेच वाढतात; चारशे माणसं जेवली. केटल्यांमागून केटल्या चहा जात होता. "हात दुखू नयेत उस्ताद!" जो तो अशी दाद देत होता. मी मान वर करून उभा.

वाढप आटोपून इल्होम परतला. कढईच्या कडेचा घास तोंडात घातला आणि पांढरा पडला.

"किती मुठी टाकल्यात?"

"तुला हिशोब देऊ?"

"दोन महिने मी तुमची पाठ फिरली की रस्सा काढून पाणी घालतोय, उस्ताद. आज मी नव्हतो."

"थापा मारू नकोस, गाढवा."

तेवढ्यात मुहिद्दीनसाहेब आले. डोळ्यांत पाणी, हातात पाण्याचा पेला. "फार सुंदर झाला," म्हणाले आणि पेला एका घोटात रिकामा केला. त्यांच्या ताटलीत एक शीत उरलं नव्हतं. माझी अब्रू राहावी म्हणून चारशे माणसं मीठ गिळत होती, आणि त्यांना मी आयुष्यभर अडाणी म्हणत आलो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इल्होम," मी म्हटलं, "दवाखाना किती वाजता उघडतो, विचारून ये."