सिंगापूरच्या मॅडमचा बर्फ

सुमेधाने आयुष्यात खरा बर्फ एकदाच पाहिला होता. लग्नानंतर मनालीला, आणि तोही भाड्याच्या गमबुटात. तरी हिमाचलातल्या एका खोऱ्यातली शेकडो माणसं रोज संध्याकाळी तिचाच आवाज ऐकून ठरवायची, की उद्या खिंडीतून गाडी काढायची की नाही. आता बोला!

त्याचं असं झालं. तिची लेक शिवांगी इथल्या विद्यापीठात हिमवादळांच्या अंदाजावर संशोधन करत होती. हो, सिंगापुरातच, जिथे डिसेंबरातही पंख्याखाली घाम येतो. मंडळाच्या गणपतीत एका दीडशहाण्याने विचारलंच, "बर्फाचा अंदाज? म्हणजे फ्रीजरचा का हो?" सुमेधाने तिथे हसून दाखवलं आणि पासिर रिसला घरी पोचेपर्यंत नवऱ्याला, विनायकला, फैलावर घेतलं, जणू त्या बिचाऱ्यानेच विचारलं होतं. वाऱ्याचं गणित कॉम्प्युटर करतो, आणि कॉम्प्युटर इथे आहे. त्याला काय स्वेटर घालायचाय?

तर शिवांगीचा अंदाज रोज त्या खोऱ्यात जायचा. तिथल्या रस्ते विभागाच्या नेगीसाहेबांनी सांगितलं होतं, नकाशे पाठवू नका, लोक बघत नाहीत. बोलून पाठवा. पोरगी इथेच वाढलेली, मराठी घरापुरतं आणि हिंदीच्या नावाने आनंदीआनंद. सुमेधा मात्र नागपूरची, हिंदी खणखणीत. मग लेकीने इंग्रजीत लिहायचं, आईने हिंदी करून फोनवर बोलायचं, असा शिरस्ता पडला. निरोप सुमेधाच्या फोनवरून जायचा, त्यामुळे उत्तरंही तिलाच यायची. खोऱ्याच्या लेखी सिंगापूरवाली मॅडम म्हणजे तीच.

हिवाळा बरा चालला होता. आणि मग गेल्या आठवड्यात माती खाल्ली. शिवांगीने जोरदार बर्फ सांगितला, नेगीसाहेबांनी खिंड बंद केली, आणि दिवसभर लख्ख ऊन! खाली भाजीचे ट्रक अडकले, वर लोक आभाळाकडे आणि फोनकडे आळीपाळीने बघत बसले. संध्याकाळपर्यंत सुमेधाच्या फोनवर काय काय आलं म्हणून सांगू. त्यातल्या त्यात सभ्य निरोप असा होता: "मैडमजी, आप समंदर में नहाइए, पहाड़ हम देख लेंगे."

सुमेधाचा असा तिळपापड झाला, की ती त्या माणसाला उलट फोन लावायला निघाली होती. शिवांगी मात्र दोन दिवस खोलीतून फक्त जेवायला बाहेर आली. तिसऱ्या दिवशी तिला चूक सापडली. वारा तिने धरला होता त्यापेक्षा जरा पश्चिमेकडून आला होता, आणि सगळा बर्फ डोंगराच्या पलीकडच्या अंगावर पडून गेला होता. अलीकडे ठणठणाट. तिने तो सगळा हिशोब नव्याने मांडला आणि आईपुढे त्या दिवसाचा मजकूर ठेवला. पहिलंच वाक्य: आमचा अंदाज चुकला, चूक आमची होती.

"अगं, असं कुणी सांगतं का?" सुमेधा म्हणाली. तीस वर्षं बँकेत जोखीम विभागात काढलेली बाई ती. तिथे बुडालेल्या पैशालाही 'अपेक्षेपेक्षा वेगळी परिस्थिती' म्हणायचे. "हवामान अचानक बदललं म्हण ना."

"नाही बदललं, आई. मी चुकले."

सुमेधाने ते हिंदीत फोनवर वाचलं. वाचताना कान तापले होते, पण वाचलं.

त्यानंतर शुक्रवार आला. शिवांगीने मजकूर दिला: उद्या दुपारपासून जोरदार हिमवादळ. खिंड सकाळपासून बंद ठेवा. आणि शनिवारीच खोऱ्यातल्या एका लग्नाचं वऱ्हाड दोन बस भरून खिंडीपलीकडे जायचं होतं, चांगला पाच-सहा तासांचा रस्ता. नेगीसाहेबांनी आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं.

सुमेधाचं बँकेतलं डोकं चालू झालं. दुसऱ्यांदा खोटं ठरलं तर पोरीचं नाव कुणी घेणार नाही, प्रकल्पाला तर टाळंच लागेल. तिने पेन घेतलं आणि हिंदी मजकुरात 'जोरदार'च्या आधी हळूच 'शायद' लिहिलं.

शिवांगीने बघितलं. "हे काय?"

"काही नाही गं. जराशी सोय. पडला तर पडला, नाही पडला तर आपण शायद म्हटलं होतं."

"आई, शायद ऐकलं की ड्रायव्हर गाडी सुरू करतो." शिवांगीने शब्द खोडला. "मला खात्री नसती तर मी तसंच लिहिलं असतं. या वेळी वारा सरळ खोऱ्यात घुसतोय. बंद म्हणजे बंद, ला." पोरगी हट्टाला पेटली की तिच्या वाक्याला हे सिंगापुरी 'ला' चिकटायचं.

निरोप गेला.

शनिवारी सकाळी शिवांगी विद्यापीठात गेली. तिच्या शिष्यवृत्तीसाठी परीक्षकांपुढे बोलायचं होतं, फोन बाहेर जमा. सुमेधा आणि विनायक बाजारात पापलेट घेत होते तेवढ्यात तिचा फोन वाजला. नेगीसाहेब होते.

"मैडमजी, आसमान एकदम साफ है." त्यांच्या मागे बँडचा आवाज, माणसांची आरडाओरड. नवरदेवाचे काका खिंडीच्या बंद फाटकाला लोंबकळले होते म्हणे. मुहूर्त टळतोय, पलीकडे मुलीकडचे वाट बघतायत, आणि इथे एक माणूस तर ओरडून सांगतोय की मागच्या वेळीही हिनेच फसवलं. "मैं अकेला कब तक रोकूँ? आप बस इतना कह दीजिए, कि शायद नहीं आएगी. बस इतना. मैं छोड़ देता हूँ."

सुमेधाने शिवांगीला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मासेवाली तिला मासा साफ करून हवा का विचारत होती आणि सुमेधाला तिचं बोलणं ऐकूच येत नव्हतं.

"सांगून टाक, मुलगी आली की कळवतो," विनायक म्हणाला. "आपल्याला काय कळतं त्यातलं?"

खरंच होतं ते. तिला वाऱ्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण कळवतो म्हटलं की त्या बस निघणार, हे तिला बरोबर कळत होतं. आणि दुसरं एक तिला पक्कं ठाऊक होतं. जी पोरगी चुकल्यावर सगळ्या खोऱ्याला ऐकू जाईल असं 'मी चुकले' म्हणते, ती खात्री नसताना खात्री आहे म्हणणार नाही. बँकेत इतकी माणसं तोलली, अशी एक भेटली नव्हती. आणि ही घरातच होती!

"नेगीसाहब," ती इतक्या जोरात म्हणाली की शेजारचे दोघे वळून बघायला लागले, "कोई शायद नहीं. बर्फ आएगी. रास्ता बंद रखिए. जिसे गाली देनी है, मुझे फोन करे."

 मग नेगीसाहेब म्हणाले, "ठीक है," आणि फोन ठेवला.

फोन पुष्कळ आले. सुमेधाने एकेक घेतला, एकेक ऐकला, आणि प्रत्येकाला तेच सांगितलं. पापलेट ओट्यावर तसंच पडून राहिलं. मग एकदम फोन यायचे थांबले. ती शांतता तिला शिव्यांहून जड गेली.

शिवांगी घरी आली, चपला काढते न काढते तोच नेगीसाहेबांचा फोन आला. सुमेधाने स्पीकर लावला. वादळ दुपारी आलं होतं, आणि असं आलं होतं की फाटकावरून समोरचा ट्रक दिसेना. खिंडीच्या शेवटच्या वळणावर अख्खा कडा खाली आला होता. रस्त्याचा कठडासुद्धा जागेवर नव्हता. वऱ्हाड गावातल्या शाळेत होतं, काका चुलीपाशी बसून सगळ्यांना चहा वाटत होते. "वो दोनों बसें उस वक़्त ठीक उसी मोड़ पर होतीं," नेगीसाहेब म्हणाले.

फोन ठेवल्यावर सुमेधा खुर्चीत बसली आणि तिने सकाळचं सगळं सांगितलं. शिवांगीचा चेहरा उतरत गेला.

"आई, सकाळी नवे आकडे आले तेव्हा मीसुद्धा घाबरले होते. पुन्हा सगळं तपासलं, तेव्हा कुठे जिवात जीव आला. तू तर काहीच पाहिलं नव्हतंस. तू काय बघून सांगितलंस त्यांना?"

"तुला बघून," सुमेधा म्हणाली.

"हे काही सायंटिफिक नाही, ला," शिवांगी पुटपुटली, आणि आईच्या खांद्यावर तिने डोकं टेकलं, ते बराच वेळ उचललं नाही.