जावयाने केलेली कवळी

मी दात बनवतो. डॉक्टर नव्हे, डॉक्टरांनी पाठवलेल्या मापांवरून कवळ्या आणि कॅप करणारा कारागीर. दोन महिन्यांपूर्वी सासऱ्यांची कवळी केली आणि तेव्हापासून ते वाळत चाललेत. बायको म्हणते, "टोचत असणार. पण जावयाने केलीय ना, बाबा जीव गेला तरी सांगायचे नाहीत."

मी विचारलं की ते म्हणायचे, "फार छान बसलीय, जावईबापू." आणि दुधात पाव बुडवून खायचे. भूक नाही, वय झालं, कारणांना तोटा नव्हता. वीस वर्षांत या माणसाने माझ्याबद्दल एकदाही ब्र काढलेला नाही. असल्या कौतुकावरून माणसाने काय समजायचं?

म्हणून मी त्यांना आमच्या लॅबच्या कोपऱ्यावरच्या नव्या कोरियन खाऊच्या दुकानात नेलं. तिथला तोकबोक्की नावाचा प्रकार भलताच चिवट असतो, असं ऐकलं होतं. घरी ते ताट बाजूला सारतील, पण जावयाने बाहेर नेल्यावर नाही म्हणणार नाहीत. चावताना चेहरा बघायचा, दुखतंय की नाही ते कळेल, असा माझा सरळ बेत.

बेत पहिल्याच घासाला फसला. लालभडक रश्श्यात बोटाएवढ्या, तांदळाच्या पांढऱ्या कांड्या. सासऱ्यांनी एक तोंडात घातली. भुवया वर गेल्या, खाली आल्या, डोळ्यांत पाणी आलं. ते तिखटाचं की हिरडीचं? मी एक खाल्ली, तर माझ्याही डोळ्यांत पाणी. तिखट म्हणावं तर गोड, गोड म्हणावं तर कान गरम. ते फार वेळ चावत होते, पण मीही फार वेळ चावत होतो. ही वस्तू चावून संपवायची असते की कंटाळून गिळायची, तेच कळेना.

"बाबा, त्रास होतोय का?"

"छे. मजेदार आहे. कशाचं असतं हे?"

"तांदळाचं."

"अस्सं," ते म्हणाले आणि कांडीकडे असे बघत बसले, जणू विचारत होते की तांदळाने आजवर ही गोष्ट आपल्यापासून लपवलीच कशी.

मग काउंटरवरच्या बाईंनी काडीवर नागमोडी ओवलेली माशाची पट्टी आणून दिली. सासऱ्यांनी ती डावीकडून चावली. म्हणजे उजवीकडे दुखतंय, मी मनात टिपून घेतलं. पुढचा तुकडा त्यांनी उजवीकडून चावला. आणि मग स्वतःहूनच म्हणाले, "अजून एक लाल प्लेट सांगा." मी पार बुचकळ्यात पडलो. आवडलं म्हणून, की माझं मन राखायला?

दुसऱ्या प्लेटचा पहिला घास, आणि माझ्या तोंडात कट्कन आवाज झाला. माझ्या दाढेची कॅप, मी स्वतःच्या हाताने केलेली, कांडीला चिकटून निघाली होती. मी ती जिभेने गालात ढकलली. उघड्या दाढेला रस्सा लागला आणि कानापर्यंत कळ गेली.

"काय झालं?" सासऱ्यांनी विचारलं.

"काही नाही."

"दुखतंय?"

"छे, छान आहे."

त्यांनी प्लेट बाजूला सारली. मग तोंडापुढे कागदी रुमाल धरला आणि वरची कवळी काढून आमच्या मधोमध टेबलावर ठेवली.

"खोटं बोलतोस," ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "मीही बोललो. इथं टोचतं. उजवीकडे, मागं. पहिल्या दिवसापासून."

वीस वर्षांत ते मला प्रथमच अरेतुरे करत होते. लाज वाटावी की आनंद व्हावा, मला ठरवता येईना. दोन्ही झालं. मी हात धुऊन आलो, त्यांना तोंड उघडायला लावलं आणि मोबाइलच्या उजेडात पाहिलं. हिरडीवर डाळीएवढी जखम होती. कवळीची एक कड जरा घासली असती तर ती झालीच नसती.

"दहा मिनिटांचं काम होतं, बाबा. का नाही सांगितलंत?"

त्यांनी ग्लासातलं पाणी संपवलं.

"मुलगी तुझ्या घरात आहे ना," ते म्हणाले.