पाच तुकडे

लालबागच्या जुन्या चाळीच्या जागी बावीस मजली इमारत उभी राहिली, तेव्हा मालनबाईंना अकराव्या मजल्यावर घर मिळालं. त्या आणि त्यांचा मुलगा मयूर, दोघंच. उंचीची, लिफ्टची, शेजारच्या बंद दारांची सवय त्यांनी करून घेतली. कुत्र्यांची मात्र होईना.

त्याला कारण होतं. देवगडकडच्या गावात, त्या नऊ वर्षांच्या असताना, धाकट्या भावाला, मनूला, एक पिल्लू चावलं होतं. चावलं म्हणजे नुसता दात लागला. आईने हळद दाबली, जखम भरली, सगळे विसरले. दोन महिन्यांनी मनू पाण्याचा तांब्या बघून किंचाळायला लागला. त्याला मागच्या खोलीत कोंडलं. दाराबाहेर बसून मालनने तीन दिवस ते ऐकलं. चौथ्या दिवशी आतून आवाज आला नाही.

बाराव्या मजल्यावर देविका नावाची मुलगी एकटी राहायची. तिचा चिकू हा कुत्रा तपकिरी, चांगला मांडीएवढा उंच. मागच्या आठवड्यात लिफ्टचं दार उघडलं आणि समोर तोच उभा. भुंकलाही नाही. पण मालनबाई मागे सरकताना कोलमडल्या आणि मनगट मुरगळलं. देविका मदतीला धावली, तशा त्या ओरडल्या, "नको, नको, त्याला धर!" तेव्हापासून दुखऱ्या गुडघ्यांनी अकरा मजले त्या जिन्यानेच उतरायच्या.

मयूरने मनगटाला पट्टी बांधली.  बांधताना त्याचा जबडा घट्ट आवळलेला होता.

कुत्र्यांना लिफ्टमध्ये आणि पार्किंगवरच्या बागेत येऊ द्यायचं की नाही, हे ठरवायला रविवारी संध्याकाळी सोसायटीची सभा होती. सेक्रेटरी हितेंद्र दोनदा घरी येऊन गेला. "काकी, तुम्ही फक्त उभं राहून मनूमामांचं सांगा. अर्धी मतं तिथेच फिरतील." मालनबाईंनी होकार दिला होता.

त्या रविवारी सकाळी त्या भाजी चिरायला बसल्या आणि सुरीला वास आला. कलेजीचा. श्रावण चालू होता. त्यांच्या घरात महिनाभर अंडंसुद्धा फुटत नसे. त्यांनी कचऱ्याचा डबा उघडला. वर्तमानपत्राच्या बोळ्याखाली उंदीर मारायच्या औषधाचं पाकीट होतं. रिकामं.

मयूर घरात नव्हता. अर्ध्या तासापूर्वी कसलीशी पिशवी घेऊन तो खाली गेला होता.

त्या खिडकीशी धावल्या. खाली बाग दिसत होती. घसरगुंडीवर दोन पोरं, बाकावर कुणाची तरी आजी, आणि चाफ्याच्या वाफ्याकडे निघालेली देविका. पुढे चिकू, नाक जमिनीला लावून.

"देविकाऽ! अगो देविकाऽ!"

अकराव्या मजल्यावरून आवाज खाली पोचेना. मालनबाई तशाच अनवाणी बाहेर पडल्या. लिफ्ट येईपर्यंत त्यांनी बटण इतक्यांदा दाबलं की बोट दुखायला लागलं. खाली उतरताना त्यांना मनूचा आवाज येत होता, त्या बंद दाराआडचा. 

बागेत पोचल्या तेव्हा चिकूचं तोंड वाफ्यात होतं. देविका फोनवर बोलत होती.

पुढचं त्यांना नंतर नीट आठवेना. आपण गुडघ्यांवर पडलो, एवढं आठवलं. कुत्र्याच्या नाकाखाली काळपट तुकडा होता आणि त्यांचा हात त्या दोहोंच्या मध्ये गेला. गरम श्वास लागला. ओली, खरखरीत जीभ बोटांवरून मनगटापर्यंत फिरली. त्यांनी तुकडा मुठीत धरला आणि डोळे मिटून घेतले. आता दात लागणार.

दात लागले नाहीत. देविकाने पट्टा खेचला होता. "काकू! काय करताय? काय आहे ते?"

"विष," मालनबाई म्हणाल्या. लाळेने चमकणारा हात त्यांनी अंगापासून लांब धरला होता, जणू तो त्यांचा नव्हताच. "आजी, पोरांना आधी उचला. देविका, तुझा फोन दे."

नंबर त्यांना पाठ होता. देविका समोर उभी आहे, सगळं ऐकणार आहे, हे त्यांना कळत होतं. तरी त्या बोलल्या, आणि किती आणि कुठे हे विचारताना भीतीने तोंडात गावची बोली आली. "मयूर, कितके टाकलंस रे झिला? खंय खंय टाकलंस?"



"आई, मी तुझ्यासाठी..."

"कितके?"

"पाच."

 चिकूला बाकाला बांधून देविका वाफे धुंडाळू लागली. दोन तुकडे चाफ्याखाली मिळाले, एक कुंडीमागे. मुठीतला धरून चार. पाचवा कुठेच नव्हता.

मालनबाईंनी बाकावरच्या आजीजवळ उभ्या केलेल्या पोरांकडे पाहिलं. लहानगी मानसी, चौथ्या मजल्यावरची, तीन वर्षांची. तिचं तोंड हलत होतं.

"तोंड उघड, बाळ! उघड!"

पोरगी घाबरून रडायला लागली. तिच्या जिभेवर बिस्किटाचा लगदा होता. मालनबाईंनी तो बोटाने काढून हुंगला, पुन्हा हुंगला. बिस्किटच होतं. त्या मटकन खाली बसल्या.

मयूर धापा टाकत आला. कुणाकडे न बघता त्याने घसरगुंडीशेजारची जाळी उचकटली आणि गटारात हात घातला. टाकतानाच तुकडा तिथे घरंगळला होता. घसरगुंडीपासून दोन पावलांवर. तुकडा हातात घेऊन तो उठला. "इथे पोरं येतात हे डोक्यातच आलं नाही गं," तो म्हणाला.

संध्याकाळी सभेत हितेंद्रने त्यांचं नाव पुकारलं. मालनबाई उठल्या. साबणाने दहादा धुतलेला हात पदरात होता.

"मला कुत्र्याची भीती वाटते. मरेपर्यंत वाटणार," त्या म्हणाल्या. "पण आज बागेत विष टाकलं गेलं, ते माझ्या घरातून. माझ्या भीतीच्या नावाने. दोनपैकी एक लिफ्ट कुत्रेवाल्यांना द्या, एक आम्हाला ठेवा. बागेत सकाळी आठपर्यंत फिरू दे, पट्टा लावून. माझं मत तेवढंच."

कुणी टाळी वाजवली नाही. मानसीचे वडील उठून मयूरच्या अंगावर गेले. चौघांनी त्यांना धरलं. ठराव मालनबाईंनी सांगितला तसाच मंजूर झाला, तोही मान खाली घालून दिलेल्या मतांनी.

दुसऱ्या दिवशी मालनबाई मयूरला घेऊन बाराव्या मजल्यावर गेल्या. बेल वाजताच आतून चिकू भुंकला. त्या भिंत धरून तिथेच उभ्या राहिल्या. दार साखळीपुरतं उघडलं.

"मी पोलिसांत गेलेले नाही," देविका म्हणाली. तिचे डोळे सुजलेले होते. "पण जाणार नाही असंही म्हणत नाही."

"तू ठरव," मालनबाई म्हणाल्या. "मी त्याला घरीच ठेवते. पोलीस आले तर इथेच सापडेल तो."

दार बंद झालं. मयूर पायरीवर बसला आणि दोन्ही हातांत तोंड लपवून रडू लागला. मालनबाई त्याच्याजवळ बसल्या. खाली लिफ्ट थांबल्याचा आवाज आला की दोघंही माना वळवून बघत होते, कोण वर येतंय ते.