वमन : शून्य

राज्य आपलं झालं, म्हणून कागदावरची भाषाही शुद्ध झाली! निजामाच्या अमलात दवाखान्यात ‘कै झाली का?’ म्हणजे ओकारी झाली का, असं विचारत. ते मदिनाबीला झोपेतही कळलं असतं. पण छप्पन साल उलटलं, येडशीच्या रानाजवळ मलेरियाच्या संशोधनाचा तंबू पडला, आणि शांतलिंग डॉक्टरांच्या छापील फॉर्मावर शब्द आला ‘वमन’.

मदिनाबीचा नवरा वजीर तापानं बरळत होता. रोग्याला आधी ओकारी थांबवायची नवी गोळी द्यायची, मग क्विनाईन पाजायचं. तरीही ओकला, तर क्विनाईनची सुई टोचायची, असा नियम होता. वजीरच्या पोटात घटकाभरही काही टिकत नव्हतं. मदिनाबी पुसून पुसून दमली होती. डॉक्टर सकाळ-संध्याकाळ नाकाला रुमाल लावून यायचे आणि विचारायचे, “वमन कितीदा?”

मदिनाबीला ऐकू यायचं वामन.

“न्हाय साहेब,” ती अदबीनं सांगायची, “हिकडं कोन वामन आला न्हाय.”

डॉक्टर खूश! लिहिलं शून्य. शेजारच्या खाटेवर सिदू धनगर भडाभडा ओकत होता. त्याची बायको हरणाबाई म्हणाली, “आमच्याकडं बी न्हाय.” तिथंही शून्य. अहो, रुमाल जरा खाली केला असता तर वासानंच सगळं सांगितलं असतं. पण फॉर्मात वासाचा रकाना नव्हता.

तिसऱ्या दिवशी वजीरनं डोळे फिरवले. मदिनाबीनं फेरीवर आलेल्या डॉक्टरांची वाट अडवली.

“साहेब, सुई द्या! पाजलेलं समदं ह्ये ओकून टाकत्यात.”

“ओकतात? बाई, तुम्हीच तर सांगितलंत वमन नाही म्हणून!”

“आग लागो तुमच्या वामनाला!” असं ओरडून तिनं ओकारीचं घमेलं उचललं आणि फॉर्मांच्या गठ्ठ्यावर उपडं केलं.

वजीरला लगेच सुई मिळाली. पण नव्या गोळीच्या यशाला डाग नको, म्हणून डॉक्टरांनी सगळ्यांदेखत लाल शाईनं त्याचं नावच कापलं. वर लिहिलं, ‘संशोधनास अयोग्य.’ बाकीचे ओकतात का, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. सुचलं असतं तर टक्केवारी बिघडली असती ना!

दुसऱ्या दिवशी अयोग्य वजीर डोळे उघडून पाणी मागू लागला. योग्य सिदूला धाप लागली होती. हरणाबाईनं दोघांकडं पाहिलं, उठली आणि डॉक्टरांच्या पायाशी बसली.

“साहेब, माझ्या धन्याचं बी नाव कापा की वो.”

तिच्या मागं तंबूतल्या सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या.